नागपुरात बी कधी लावायचं आणि कशात

बियांच्या पाकिटामागे छापलेलं वेळापत्रक नागपूर डोळ्यांसमोर ठेवून केलेलं नसतं. 'वर्षभर पेरणी' असं छापलेल्या पालकाचं बी मे महिन्यात गच्चीवरच्या कुंडीत टाकलं तर शंभरातले पाच-दहा कोंब दिसले तरी खूप. पालक, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि सॅलडची पानं यांना थंड माती लागते. माती तिशीच्या वर तापली की ही बियाणी झोपूनच राहतात. दोष बहुतेक वेळा बियाणाचा नसतो, म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी तारीख बघा.

आपल्याकडे घरच्या बागेसाठी सर्वांत चांगला काळ म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य. टमाटर, वांगी, फुलकोबी, पिटुनिया, अॅस्टर यांची रोपं याच दिवसांत करायची. सांबार ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मिरचीच्या बियाला २५ ते ३० अंश ऊब लागते, त्यामुळे ती जूनमध्ये मृगाचा पाऊस पडल्यावर आडोशाला लावावी, नाहीतर सप्टेंबरात. डिसेंबर-जानेवारीत इथली रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते. तेव्हा आठ-दहा दिवसांत उगवणारी मिरची तीन आठवडे घेते आणि तोवर निम्मं बी कुजतं. नवतप्यात, म्हणजे २५ मेच्या पुढचे नऊ दिवस, रोपांचा ट्रे गच्चीवर ठेवूच नका. भेंडी आणि गवार मात्र गरम मातीतही बिनतक्रार उगवतात. दसऱ्याला स्वतःच्या कुंडीतला झेंडू हवा असेल तर ७०-७५ दिवस मागे मोजून बी टाका.

आता माती. आपली काळी माती झाडाला खाऊ घालते, पण कोवळ्या कोंबाला मारते. ओली असताना ती चिकट गोळा होते आणि मुळांना हवा मिळत नाही. वाळली की वर पापुद्रा धरते, त्याखाली कोंब वाकडा होऊन अडकतो. पुढे भेगा पडतात तेव्हा नाजूक मुळं तुटतात. म्हणून रोपांच्या ट्रेमध्ये काळी माती अजिबात नको. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग धुतलेली रेती, एवढं पुरतं. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट तीन-चार लिटर पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर भुसा होतो. तो दोन-तीन पाण्यांत धुऊन घट्ट पिळून घ्या, कारण त्यात मीठ असू शकतं आणि मिठाने कोंब करपतात. कच्चं शेण घालायचं नाही. घरी बोअरचं जड पाणी असेल तर ट्रेपुरतं तरी नळाचं वापरा. कोकोपीटवर पांढरी पापडी दिसायला लागली तर ते जड पाण्यातल्या क्षारांचं काम.

जुनं बी आहे? दहा दाणे ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून, पॉलिथिनच्या पिशवीत घालून घरातल्या उबदार कोपऱ्यात ठेवा. दहा दिवसांनी सात किंवा जास्त फुटले तर नेहमीसारखं लावा, चार ते सहा फुटले तर दुप्पट टाका, त्याहून कमी असतील तर नवीन आणा. भिवापुरी मिरचीचं बी घरच्या वाळलेल्या लाल मिरचीतूनही काढता येतं, फक्त ही परीक्षा आधी घ्या. संकरित टमाटरचं बी धरून ठेवण्यात अर्थ नाही, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

धन्यांच्या एका फळात दोन बिया असतात. लाटण्याने हलकं दाबून दोन फाकी करायच्या, भरड नाही. रात्रभर भिजवून पेरलं की दहा-बारा दिवसांत कोंब दिसतो. कारलं आणि गोकर्ण यांचं कवच टणक, त्यांना चोवीस तास भिजवा. पण गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं बी भिजवू नका. तो रंग औषध लावल्याची खूण असते, ते धुऊन जातं. असं बी हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

खोली बियाच्या जाडीच्या दोन-तीनपट. टमाटर अर्धा सेंटिमीटर, भेंडी दोन. पिटुनियाचं बी धुळीसारखं असतं आणि त्याला उजेड लागतो, म्हणून ते नुसतं वर भुरभुरवा, झाकू नका. मुंग्या ते उचलून नेतात, तेव्हा ट्रे स्टुलावर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. पाणी वरून ओतल्याने बी एका कोपऱ्यात वाहून जातं. परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग काढून निथळू द्या.

सगळ्यांत जास्त रोपं जातात ती उगवल्यानंतर. देठ मातीलगत तपकिरी होतो, दोऱ्यासारखा बारीक पडतो आणि रोप आडवं होतं. ही मर मातीतल्या बुरशीमुळे येते. दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि कोंडलेली हवा तिला पोसतात. पडलेलं रोप वाचत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट काढून फेका, पाणी थांबवा, ट्रे वाऱ्यावर ठेवा. पेरणीआधी मिश्रणात किलोमागे चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळलेला असेल तर हा त्रास बराच कमी होतो. कूलरसमोर ट्रे ठेवणं वाईट, तिथे ओल भरपूर आणि उजेड कमी.

पहिला कोंब दिसताच, ट्रेवर झाकण असेल तर ते काढून, सकाळचं चार-पाच तास ऊन द्या, नाहीतर रोपं लांबुडकी होऊन मान टाकतात. लांबलेलं टमाटर कुंडीत लावताना पहिल्या दोन पानांपर्यंत पुरलं तरी चालतं, देठालाच मुळं फुटतात.

टमाटर २५-३० दिवसांनी, वांगं ३०-३५, मिरची ३५-४० दिवसांनी हलवायची. त्याआधी आठवडाभर रोज थोडं थोडं ऊन वाढवत न्या आणि पाणी कमी करा. लावणी संध्याकाळी करा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पहिले चार दिवस वर हिरवी जाळी बांधा. मोठ्या कुंडीत काळी माती एक तृतीयांशपर्यंत खुशाल घाला, तिथे ती कामाची आहे.

उरलेलं बी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिकाची पुडी टाकून फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यातली दमट हवा त्याला लवकर मारते. टमाटरचं बी असं तीन-चार वर्षं टिकतं, कांद्याचं मात्र दर वर्षी नवंच घ्या.