लाखोळी खायला आलेले पाहुणे

साकोलीहून पहाटे साडेपाचला निघालो. धानाच्या बांध्यांवर धुकं असं दाटलेलं, की पुढची बैलबंडी जवळ पोचल्यावरच दिसली. जायचं होतं नवेगावबांधच्या तलावावर, 18व्या शतकात कोलू पाटील कोहळींनी बांधलेल्या. मोबाइलने एका फाट्यावर डावीकडे वळवलं आणि रस्ता एका बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर संपला. चूक पथ्यावर पडली.

आधी आवाज आला, नाकातून काढल्यासारखा. मग राखाडी पक्षी पाण्यावर उतरू लागले. पांढऱ्या डोक्यावर आडव्या दोन काळ्या पट्ट्या. पट्टकादंब! रात्रभर शेतात चरून दिवसा विसावायला आलेले. एकाच्या पिवळ्या चोचीला लाखोळीच्या डाळीचा हिरवा पाला अजून लोंबत होता.

डोंगा लोटणारे ढीवर काका थांबले. "आमची लाखोळी खातेत हे. कार्तिकात येतेत, फागुनात जातेत. पन त्याईले रस्ता कोन सांगते?"

"मायबाप," मी म्हटलं. मंगोलिया-तिबेटच्या सरोवरांकाठी जन्मलेली पिल्लं पहिला प्रवास मोठ्यांसोबतच करतात. हिमालय ओलांडताना काही पक्ष्यांची नोंद 7,000 मीटरच्या वर झाली आहे, पण शक्य तिथे ते जमिनीचा चढउतार धरून, दऱ्यांतूनच जातात. उगाच उंच उडण्यात शहाणपण नाही, हे त्यांनाही कळतं.

बोललो खरं, पण मला चातक आठवला. पावसाच्या तोंडावर येतो, सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. सातभाई तर शिवाराबाहेर जात नाहीत. त्यांच्याकडे वाढलेलं पोर आफ्रिकेची वाट धरतं ती कुणाला विचारून?

1958 साली पेर्डेक या डच शास्त्रज्ञाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्थलांतर करणाऱ्या युरोपीय मैना हॉलंडमध्ये पकडून स्वित्झर्लंडमध्ये सोडल्या होत्या. जाणत्या मैनांनी दिशा बदलून नेहमीचा मुलूख गाठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदाच निघालेल्या पोरी मात्र ठरलेल्या दिशेने उडत राहिल्या आणि भलतीकडेच, पार स्पेनपर्यंत गेल्या. म्हणजे दिशा रक्तात असते. ती सूर्य, तारे, पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून धरता येते. आपण चुकीच्या जागेवरून निघालोय हे उमगायला मात्र एकदा तरी तिकडे जाऊन यावं लागतं.

काकांना यातलं निम्मं सांगितलं. ते म्हणाले, "मोठ्या तलावावर जाचं ना? मोबाइल खिशात ठेवा. पाळ सोडू नका, मोहापासून उजवीकडे वळा."

पाळीच्या टोकाला मोह होते तीन.