करडू

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वर्षाच्या शेवटी एक यादी वाचतात, वर्षभर ज्यांनी ज्यांनी सेवा केली त्यांचे आभार मानायला. दोन वर्षांपूर्वी त्या यादीत माझं नाव नव्हतं. कुणी मुद्दाम नाही केलं, टाईप करताना राहून गेलं असणार, पण मी आपली बसून ऐकतेय, क्वायर झालं, साऊंडवाले झाले, फुलं लावणारे झाले, संडे स्कूलच्या बाकीच्या टीचर झाल्या, आणि आमेन! संपलं. मी हसत टाळ्या वाजवल्या. घरी येऊन पर्स अशी काही आपटली की चष्म्याची काडी तुटली.

खरं सांगू का, आनंद त्याच्या आधीच गेला होता, यादीने फक्त दाखवून दिलं. संडे स्कूल, प्रोजेक्टरवर गीतांच्या स्लाइड्स, उपासनेनंतर खुर्च्या गोळा करणं, सगळं चालूच होतं पण खुर्च्या उचलताना माझं लक्ष दाराकडे, कोण कोण न मदत करता निघालं ते मोजत. हे तर रोजच बाहेर गप्पा मारतात, हिला काय, हिच्या पाठीला नेहमी आजच बरं नसतं. स्लाइड्सचं तर विचारूच नका, गीत चालू असताना माझं सगळं ध्यान पुढच्या कडव्यावर, म्हणजे मी शेवटचं गीत मनापासून कधी गायले होते ते मलाच आठवेना.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी संडे स्कूलला बायबलमधला लूक 15 आला. उधळ्या पुत्राचा दाखला, येशूने सांगितलेली गोष्ट: धाकटा मुलगा वाटा घेऊन उडवतो, डुकरं चारायची वेळ येते, घरी परततो तर बाप मेजवानी घालतो, आणि थोरला रुसून आत जात नाही. मुलांना नाटुकलं करायचं होतं. धाकटा व्हायला चौघं तयार (उधळपट्टी करायला मिळते ना), डुकरं व्हायला तर मारामारी. थोरला भाऊ व्हायला कुणीच नाही. म्हणून म्हटलं मी होते.

बाप झाली होती एक सात वर्षांची मुलगी, खांद्यावर कुणाची तरी ओढणी. आत गाणं-बजावणं सुरू, मी दाराबाहेर तोंड फुगवून उभी, आणि माझं वाक्य आलं, मी इतकी वर्षं तुमची सेवाचाकरी करतोय आणि मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. अहो, मध्येच आवाज फुटला माझा. मुलांना वाटलं टीचर काय मस्त अॅक्टिंग करते! बाप झालेल्या मुलीने म्हणायचं होतं, बाळा, तू नेहमीच माझ्याबरोबर आहेस आणि माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे. ती वाक्य साफ विसरली. दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिली, मग माझा हात धरून ओढत म्हणाली, "चला ना आत, सगळे थांबलेत."

मी इतकी वर्षं हा दाखला धाकट्याचा म्हणून शिकवला. पण येशूने तो सांगितला कुणासमोर तर परूशी आणि शास्त्री, म्हणजे तेव्हाचे धर्मपुढारी, कुरकुर करत होते त्यांच्यासमोर, धडाच तिथून सुरू होतो. थोरला काही वाईट काम करत नव्हता, शेतातूनच आला होता बिचारा. फक्त मुलगा असून गड्यासारखा राबत होता आणि हिशोब ठेवत होता. बापाचं घर, बापाचं शेत, तरी ह्याचं लक्ष एका करडावर. माझं करडू म्हणजे ती यादी.

नाटक संपल्यावर मुलांनी विचारलं, मग तो आत गेला का? लिहिलेलंच नाहीये. येशू तिथेच थांबतो, बाप बाहेर उभा राहून समजूत घालतोय तिथे.

आता कुणी म्हणेल थकव्याला पाप म्हणू नका, तर मी नाहीच म्हणत. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता (1 राजे 19) तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन नाही दिलं, भाकर-पाणी दिलं, तो परत झोपला तर परत उठवून खायला दिलं. आणि इस्राएलांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसायचा तेव्हा सासऱ्याने, इथ्रोने, सरळ सांगितलं की हे तू बरं करत नाहीस, तू पण थकशील आणि लोक पण, माणसं नेम. मी प्रोजेक्टर एका कॉलेजच्या मुलाला दिला. पहिल्याच रविवारी त्याने भलत्याच गीताची स्लाइड लावली आणि माझे हात शिवशिवले, पण मी बसून राहिले. आणि गायले!

सेवेतल्या आनंदाबद्दल बोलताना लोक बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र काढतात, प्रेषित पौल कैदेत असून फिलिप्पैच्या मंडळीला लिहितो वगैरे, ते आहेच. मला मात्र आवडतं ते चौथ्या अध्यायातलं. युवदीया आणि सुंतुखे, दोघीही सुवार्तेसाठी पौलाबरोबर झटलेल्या, आणि दोघींचं एकमेकींशी जमत नाहीये, तर तो नावं घेऊन विनवतो की एकचित्त व्हा. दोनच ओळी पुढे, प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा. म्हणजे हे वाक्य भांडण चालू असलेल्या मंडळीला लिहिलंय, आमच्यासारख्या. तिकडे लूक 10 मध्ये येशूने पाठवलेले 70 शिष्य आनंदाने परत आले, भुतंसुद्धा आम्हाला वश होतात म्हणून, तर येशू म्हणतो त्याचा आनंद करू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिलेली आहेत त्याचा करा. हे वाचलं आणि मी एकटीच हसत सुटले, यादीच निघाली शेवटी!

अजूनही कधी कधी दाराकडे नजर जाते. मग मी खुर्ची खाली ठेवते आणि बाहेर गप्पा मारणाऱ्यांत जाऊन उभी राहते पाच मिनिटं. तिथेच कळलं, त्या पाठवाल्या बाईंची पाठ खरंच दुखते.

ह्या वर्षी यादीत माझं नाव होतं. आडनाव चुकीचं वाचलं. मी एवढ्या मोठ्याने हसले की पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.