लासोटा, सातबारा आणि पाच खेपा

गेल्या शनिवारी पहाटे माझ्या ११८ कोंबड्यांनी पाच लिटर पाणी एक तास दहा मिनिटांत संपवले आणि त्या पाण्यातून त्यांना राणीखेत रोगाची दुसरी लस मिळाली. पिल्ले २८ दिवसांची झाल्यावर द्यायची ही लस प्रत्यक्षात सदतिसाव्या दिवशी दिली गेली. हे नऊ दिवस कुठे गेले, ते लिहून ठेवल्याशिवाय माझ्या मनातला राग जाणार नाही. शिवाय पुण्याच्या आसपास दहा-वीस गुंठे घेऊन शंभर-दीडशे गावरान वळणाच्या कोंबड्या पाळणारे माझ्यासारखे निवृत्त लोक बरेच आहेत. त्यांच्या एक-दोन खेपा वाचल्या तरी लिहिण्याचे सार्थक होईल.

मी राहतो कोथरूडला. पौडच्या पुढे पत्नीच्या नावावर थोडी जमीन आहे आणि तिथे शेड बांधून आम्ही गिरिराज जातीची एक दिवसाची १२० पिल्ले आणली. सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून द्यायची राणीखेतची पहिली लस, म्हणजे लासोटा, आणि चौदाव्या दिवशीची गंबोरो या रोगाची लस शेजारच्या चार हजार पक्ष्यांच्या पोल्ट्रीवाल्याने स्वतःच्या पक्ष्यांबरोबर देऊन टाकली, त्यामुळे लस मिळवणे हे काही काम असते, याची मला कल्पनाच नव्हती. पुढे त्याची बॅच विकली गेली आणि शेड धुण्यासाठी रिकामी झाली. त्याच सुमारास खालच्या वाडीतल्या दोन घरांच्या कोंबड्या हिरवट हगवण लागून, माना पिरगाळून मेल्याची बातमी आली. आमच्याकडे राणीखेतला मानमोडी म्हणतात ते याच लक्षणावरून. रोग एकदा शिरला की त्यावर औषध नाही, हे वाडीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. मग पंचविसाव्या दिवशी, म्हणजे तीन दिवस हाताशी ठेवून, मी आमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो.

डॉक्टर जनावरांच्या कानात बिल्ले मारण्याच्या मोहिमेवर गेलेले होते. परिचराने मला अर्ज लिहायला सांगितले. रोगाच्या नावापुढे मी ‘मानमोडी’ लिहिले, तर त्याने ते खोडून ‘राणीखेत’ लिहायला लावले. हा रोग भारतात १९२७ मध्ये कुमाऊँमधल्या राणीखेत येथे प्रथम ओळखला गेला आणि त्या गावाच्या माथी हे नाव कायमचे बसले. नावाची खोडाखोड मी आनंदाने सहन केली. पुढचा प्रश्न मात्र सातबाऱ्याचा होता. कोंबड्यांच्या लसीला सातबारा कशाला, असे विचारल्यावर परिचराने शांतपणे सांगितले, “काका, पक्षी आपल्याच हद्दीतले आहेत, हे कागदावर दिसायला पाहिजे.” ते एक वेळ पटण्यासारखे होते. दुसऱ्या खेपेला, म्हणजे बुधवारी, मी सातबारा घेऊन गेलो तेव्हा त्यावर पत्नीचे नाव आणि अर्जावर माझे, असे निघाले. “कोंबड्या तुमच्या, जमीन काकूंची. काकूंचे संमतीपत्र लागेल.” ज्या कोंबड्यांना रोज पहाटे पत्नीच खाद्य घालते, त्यांना लस देण्यास तिची संमती असल्याचे पत्र मी टपाल खात्यातल्या तीस वर्षांच्या नोकरीची सगळी इभ्रत पणाला लावून, तिथल्याच बाकावर बसून लिहिले, पण सही तिची हवी होती आणि ती त्या दिवशी कोथरूडला होती.

इथे एक सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. अर्जाची पोच घ्यावी आणि तिच्यावर तारीख-शिक्का घ्यावा. मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य काढले आहे, म्हणून खात्रीने सांगतो की शिक्का असलेला कागद टेबलावरून हरवत नाही आणि बिनशिक्क्याचा सहसा टिकत नाही. पहिल्या दिवशी मी घाईत पोच घेतली नाही आणि तिसऱ्या खेपेला तोच अर्ज पुन्हा लिहिला.

तिसरी खेप पुढच्या मंगळवारी झाली, तेव्हा पक्षी ३३ दिवसांचे झाले होते. डॉक्टर भेटले, सहीही झाली, आणि आता लस मिळेल म्हणून मी थर्मास पुढे केला, तेव्हा कळले की कुपी ५०० मात्रांची आहे आणि ११८ पक्ष्यांसाठी ती फोडता येणार नाही. निदान तीनशे पक्ष्यांची यादी हवी. त्या क्षणी मला काय वाटले ते लिहिण्याजोगे नाही. मात्र नियमाचे कारण मला नंतर पटले. लासोटा ही जिवंत विषाणूची, गोठवून वाळवलेली लस आहे. एकदा ती पाण्यात मिसळली की दोन तासांच्या आत पक्ष्यांच्या पोटात जावी लागते, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणजे माझ्यासाठी कुपी फोडली असती तर पावणेचारशेपेक्षा जास्त मात्रा वाया गेल्या असत्या. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. तो नियम पहिल्या सोमवारी, पहिल्या पाच मिनिटांत न सांगता तिसऱ्या खेपेपर्यंत राखून ठेवल्याबद्दल आहे. कोंबड्यांची संख्या अर्जात पहिल्याच ओळीत लिहिलेली होती.

यादी मी एका संध्याकाळी केली. वाडीतल्या अकरा घरांत फिरलो, बचत गटातल्या एका ताईंच्या साठ कोंबड्या आणि बाकीच्यांच्या दहा-पंधरा मिळून बेरीज ३१२ झाली. खालच्या वाडीची बातमी सगळ्यांना माहीत असल्याने कोणालाही समजावून सांगावे लागले नाही.

चौथी खेप गुरुवारी. आमच्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची झाली की ती बहुधा गुरुवारीच ठेवतात, हे पुणेकर असूनही मी विसरलो. सकाळी नऊपासून वीज नव्हती आणि मी दुपारी एकला पोहोचलो. बंद दाराचा फ्रीज काही तास गार राहतो, हे मलाही मान्य आहे. परंतु माझ्यादेखत त्या फ्रीजचे दार चार वेळा उघडले गेले आणि प्रत्येक वेळी ते पिण्याच्या पाण्याच्या बाटलीसाठी उघडले गेले. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवी, असे त्याच खोलीतल्या भिंतीवर लावलेले होते. फ्रीजवर तापमानाची नोंदवही होती. तिच्यात त्या दिवसापुढे ‘४’ लिहिलेले होते, आणि शुक्रवार-शनिवारपुढेही ‘४’ च लिहिलेले होते. मी बोट ठेवून दाखवल्यावर परिचर म्हणाला, “काका, तपासणी आली आणि रकाना रिकामा दिसला तर आम्हाला उत्तर द्यावे लागते.” या वाक्यावर मला फार बोलता आले नाही, कारण अशा नोंदवह्या मी पाहिलेल्या आहेत. कुपी मात्र मी घेतली नाही. या राज्याला जनावरांच्या आणि कोंबड्यांच्या लसी पुरवणारी पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था इथे पुण्यातच, औंधला आहे, आणि राणीखेतची लसही तिथे तयार होते. कोथरूडहून औंध अर्ध्या तासावर, आणि मी मात्र चांदणी चौकाची गर्दी पार करून चौथ्यांदा रिकामा थर्मास घेऊन घरी निघालो होतो. शक्य आहे की त्या कुपीला काहीही झाले नसेल. परंतु गरम झालेली लस वरून तशीच दिसते, पाण्यात तशीच विरघळते, आणि ती निकामी होती हे कळते ते कोंबडी मान टाकते तेव्हाच. आपण लस दिली आहे या भरवशावर निर्धास्त राहणे हे लस न देण्यापेक्षा वाईट.

शुक्रवारी तालुक्याहून नव्या कुपी आल्या. डॉक्टरांनी स्वतः शीतपेटीतून एक काढून माझ्या थर्मासात बर्फावर ठेवली. कुपी आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मगच बर्फात ठेवावी, नाहीतर चिठ्ठी भिजून निघते आणि मुदतीची तारीख वाचता येत नाही. त्यांना मी फ्रीजमधल्या बाटल्यांविषयी सांगितले. ते फक्त “हो, सांगतो त्यांना” म्हणाले. रात्रभर कुपी शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये मधल्या फळीवर होती; दाराच्या कप्प्यात ठेवू नये, तिथे ऊब सर्वांत जास्त लागते.

पाण्याची गोष्ट याच शुक्रवारी संध्याकाळी लक्षात आली आणि थोडक्यात निभावली. आमच्या वाडीच्या विहिरीत ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकतो. पाण्यातल्या क्लोरीनने माणसाचे जुलाब थांबतात, पण जिवंत विषाणूची लसही मरते. मी त्याच्याकडून पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी करून घेतली. थेंब टाकताच पाणी पिवळे झाले, म्हणजे क्लोरीन शिल्लक होते. पावडर एक दिवस टाकू नकोस, असे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता आणि ते योग्यही झाले नसते, कारण तेच पाणी माणसे पितात. त्यानेच आंब्याखालच्या एका खाजगी विहिरीचे पाणी सुचवले. त्याची चाचणी केली तेव्हा रंग बदलला नाही. कोथरूडहून महापालिकेच्या नळाचे पाणी आणण्याचा माझा आधीचा बेत होता. तो अमलात आणला असता तर पाच खेपा पाण्यात गेल्या असत्या.

तरीही खबरदारी म्हणून लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात साय काढलेल्या दुधाची भुकटी पाण्यात मिसळली आणि वीस मिनिटे थांबून मगच लस घातली. भुकटी उरलासुरला क्लोरीन निष्प्रभ करते. चहाची पांढरी भुकटी किंवा साईच्या दुधाची भुकटी चालत नाही. पौडच्या दुकानदाराने आधी तीच पुढे केली होती. कुपीचे बूच पाण्याखाली धरून उघडावे, म्हणजे आतल्या पोकळीत पाणी आपोआप ओढले जाते आणि भुकटी बाहेर उडत नाही. हे करताना डोळ्याला हात लावू नये, कारण या लसीने माणसाचेही डोळे येतात.

सगळ्या ५०० मात्रा मी अर्धा लिटर थंड दूधपाण्यात विरघळवल्या. म्हणजे एक मिलिलिटरला एक मात्रा असा हिशेब झाला. अकरा घरांनी आपापल्या बाटल्यांतून आपापला वाटा मोजून नेला. मात्रा जास्त होत्या, म्हणून प्रत्येकाला सढळ दिले. कमी द्यायचे मात्र कोणालाच नाही. बाहेर चरणाऱ्या कोंबड्या डबक्यातले पाणी पिऊन येतात आणि मग लसीच्या पाण्याला तोंड लावत नाहीत, म्हणून त्यांना पाणी संपेपर्यंत डालग्याखालीच झाकून ठेवावे, हे बचत गटाच्या ताईंनी सांगितले, मला सुचले नव्हते.

माझ्या शेडमध्ये किती पाणी लागेल हे मी आदल्या पहाटे साधे पाणी मोजून पाहिले होते. तासाभरात पाच लिटर संपले, तेवढेच लसीला घेतले. पहाटे पाचला भांडी उचलली आणि साडेसहाला लसीचे पाणी दिले. उन्हाळ्यात याहून जास्त वेळ तहानलेले ठेवू नये. नेहमीची चार भांडी अपुरी होती, म्हणून आणखी सहा प्लास्टिकची भांडी मागून आणली, कारण एकाच वेळी निदान दोन तृतीयांश कोंबड्यांना चोच घालता आली पाहिजे, नाहीतर दांडग्या कोंबड्या दोनदा पितात आणि दुबळ्या कोरड्या राहतात. जस्ताची बादली टाळली. भांडी साबण किंवा जंतुनाशक न लावता नुसत्या पाण्याने धुतली. कोपऱ्यात बसलेल्या सहा-सात कोंबड्यांना पत्नी हळूच उठवून भांड्यापर्यंत आणत होती. रिकामी कुपी उकळत्या पाण्यात टाकून मग पुरली. दोन-तीन दिवस काही कोंबड्या शिंकल्या, त्याचे काही नाही. लसीचे पूर्ण संरक्षण मिळायला मात्र दोनेक आठवडे जाऊ द्यावे लागतात, म्हणून खालच्या वाडीतून येणाऱ्यांना मी अजून शेडमध्ये येऊ देत नाही.

यापुढची राणीखेतचीच आर-टू-बी नावाची लस दहाव्या आठवड्यात द्यायची आहे. ती टोचावी लागते, पाण्यातून चालत नाही. तिचा अर्ज मी कुपी घेतली त्याच शुक्रवारी, शिक्क्यासह पोच घेऊन, ३१२ पक्ष्यांच्या यादीसकट देऊन आलो. अर्जदार म्हणून या वेळी पत्नीचे नाव आहे.