नजर ब्रेकच्या हातावर: शिकाऊंना सांभाळण्याचा सराव

सध्या माझं क्लाइंबिंग प्रशिक्षक होण्याचं प्रशिक्षण टॉप रोपवरच्या देखरेखीपर्यंत आलं आहे. टॉप रोप म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या अँकरमधून (पक्क्या आधारातून) जाऊन खाली आलेला दोर. दोन शिकाऊ जोड्या माझ्याकडे, आणि माझ्यामागे अनुभवी प्रशिक्षक उभे. स्वतः चढणाऱ्या प्रत्येकाला असते ती सवय इथे आधी मोडावी लागते, वर बघत राहण्याची. वरचा माणूस कसा चढतोय, पाय कुठे ठेवतोय हे बघायला फार छान वाटतं. पण तो पडला तर त्याला धरणारा हात खाली आहे. म्हणून माझी जागा बिलेअरच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, ब्रेकच्या बाजूला (उपकरणातून बाहेर येणारा दोर तो ज्या हाताने धरून ठेवतो त्या बाजूला), हात पुढे केला की ब्रेकचा दोर पकडता येईल इतक्या जवळ. दोन जोड्या असतील तर दोन्ही ब्रेकचे हात एकाच नजरेत येतील असं उभं राहायचं, आणि दोघांना एकाच वेळी उतरवू द्यायचं नाही.

चढण्याआधीची तपासणी मी जोडीकडून मोठ्याने वदवून घेते. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर आणि घट्ट, फिगर एट गाठ हार्नेसच्या दोन्ही टाय-इन पॉइंटमधून (दोर बांधायच्या जागांमधून), गाठीबाहेरची दोराची शेपूट पुरेशी लांब, कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) लॉक. ग्रिग्री (झटका बसला की दोर पकडणारं बिलेचं उपकरण) असेल तर चढणाऱ्याच्या बाजूचा दोर झटक्याने ओढून ते खरंच पकडतं का ते बघायचं, कारण दोर उलटा घातलेला असला तर तो तिथेच कळतो. गाठ चुकली असेल तर मी दुरुस्त करून देत नाही, सोडून पुन्हा बांधायला लावते. वेळ जातो, पण मी बांधून दिलेल्या गाठीतून त्याला गाठ येत नाही.

जमिनीलगतच्या पहिल्या दोन-तीन मीटरांबद्दल मी आता फार कडक झाले आहे. ईएन 892 या मानकानुसार सिंगल रोपला (एकेरी वापरायच्या दोराला) 80 किलो वजन लावलं तर तो 10 टक्क्यांपर्यंत ताणला गेलेला चालतो. भिंत 12 मीटर उंच आणि चढणारा दोन मीटर वर असेल, तर बिलेअरपासून अँकरपर्यंत आणि तिथून खाली त्याच्यापर्यंत 20 मीटरच्या आसपास दोर असतो. अँकरवरच्या घर्षणामुळे बिलेअरच्या बाजूचा दोर कमी ताणला जातो, तरी हा ताण आणि वर थोडासा ढिला दोर एवढ्यातच पाय जमिनीला लागू शकतात. म्हणून सुरुवातीला दोर घट्टच हवा. चढणाऱ्याला जरा ओढल्यासारखं वाटलं तरी चालेल.

नवख्या बिलेअरच्या मागे ब्रेकचा दोर हातात धरायला दुसरा शिकाऊ देणं मला फार आवडलं. धोका कमी होतोच, शिवाय पुढचा बिलेअर हालचाल बघत बघत शिकतो. उतरवताना मात्र तो दोर मी स्वतःकडे घेते. ग्रिग्रीवर घाबरलेला माणूस उतरवायचं हँडल आणखी जोरात ओढतो आणि ब्रेकचा हात सोडतो, आणि हे क्षणात होतं. ग्रिग्री प्लसमध्ये हँडल जास्त ओढलं की उतरणं थांबतं, ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर ब्रेकचा हात शिकवायचा राहू नये.

लीडची देखरेख (तिथे वरून दोर नसतो, चढणारा वाटेतल्या बोल्टांवर दोर अडकवत, म्हणजे क्लिप करत जातो) अजून माझ्याकडे आलेली नाही, पण कागदावर हिशोब मांडून बघते आहे. दुसरा बोल्ट साडेचार मीटरवर, तिसरा सहा मीटरवर धरा. कंबर सहा मीटरवर आणून तिसरा बोल्ट क्लिप करताना पडलं तर दुसऱ्या बोल्टच्या पुढे दीड मीटर दोर बाहेर असतो, म्हणजे कंबर तीन मीटरवर थांबते. कंबर पाचवर असताना हात वर ताणून क्लिप करायला गेलं तर अडीच मीटर दोर बाहेर येतो आणि कंबर दोन मीटरवर जाते. ताण आणि बिलेअरचं उचललं जाणं यात धरलेलंच नाही. हात वर ताणून लवकर क्लिप करणं सुरक्षित वाटतं म्हणून शिकाऊ नेमकं तेच करतात. चढणारा बिलेअरपेक्षा बराच जड असेल तर हा हिशोब आणखी बिघडतो.

पुढची सत्रं सराव-लीडची आहेत. चढणारा टॉप रोपवर असेल आणि दुसरा दोर क्विकड्रॉमध्ये (बोल्टला लावलेल्या, दोन कॅराबिनरच्या पट्टीमध्ये) अडकवत जाईल. बॅक-क्लिप (दोर उलट्या दिशेने अडकवणं) आणि झेड-क्लिप (आधीच्या क्विकड्रॉच्या खालचा दोर उचलून पुढच्यात अडकवणं) या चुका खालून ओळखायला मी तिथेच शिकणार आहे, आणि टॉप रोप धरणाऱ्या बिलेअरच्या हातावरची नजर न हटवता ते कसं जमवायचं, हेही.