टाच बोटभर फिरवली असती तर

मी शाळेत थाळीफेक खेळतो हे आजीच्या कानावर गेलं तेव्हा तिनं मला चुलीपुढं बसवून खडसावलं होतं. "अन्नाचं ताट फेकायला शिकवत्यात व्हय रं शाळेत?" तिची समजूत घालायला दुसऱ्या दिवशी मी दप्तरातून ती दीड किलोची, लोखंडी कडेची लाकडी थाळी घरी नेली. आजीनं ती हातात तोलून पाहिली, उलटीपालटी केली आणि म्हणाली, "ह्येच्यावर भाकरी व्हायची न्हाई." विषय संपला.

ही १९८२-८३ सालची गोष्ट. तेव्हाचं आपल्या शाळेचं मैदान म्हणजे निव्वळ मुरूम. थाळी पडली की कड चेपायची आणि फेकणारा पडला की गुडघा सोलून निघायचा. शाळेत थाळ्या दोनच, त्यातल्या एकीचा मधला स्क्रू ढिला, त्यामुळे ती हवेत खुळखुळत जायची. अडीच मीटरचं वर्तुळ पी.टी.चे सर स्वतः आखायचे. मधोमध खुंटी, तिला सव्वा मीटर सुतळी, सुतळीच्या टोकाला खिळा आणि मागून फक्कीची ओंजळ घेऊन आम्ही. आमच्या माण तालुक्यात पळणारे उदंड. अलीकडे आपल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, अंतिम फेरी गाठली, तेव्हा सगळ्या तालुक्यानं ते पाहिलं. फेकणारे मात्र आमच्या वेळी शाळेत तिघंच होते, आणि त्यातले दोघे तालमीतून पळून आलेले.

सरांकडे एक जाड वही होती. वर्तमानपत्रांतली कात्रणं खळ लावून चिकटवलेली. त्यातला त्यांचा लाडका माणूस म्हणजे अमेरिकेचा अल ओर्टर. थाळीफेकीत त्यानं लागोपाठ चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली: १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो, १९६८ मेक्सिको. सर हे आकडे पाढ्यासारखे म्हणायचे. ५६.३६, ५९.१८, ६१, ६४.७८. प्रत्येक वेळी नवा ऑलिंपिक विक्रम. आणि गंमत अशी की चारपैकी एकाही वेळी 'हाच जिंकणार' असं कुणी म्हणत नव्हतं. प्रत्येक खेपेला दुसराच कोणीतरी तगडा असायचा. मेक्सिकोला त्याच्याच देशाचा जे सिल्व्हेस्टर जागतिक विक्रम करून आला होता, ६८.४० चा. पावसानं अंतिम फेरी लांबली, वर्तुळ ओलं झालं. सिल्व्हेस्टर पाचवा आला. बत्तीस वर्षांच्या ओर्टरनं मात्र आयुष्यात तोवर जेवढी लांब फेकली नव्हती तेवढी त्या ओल्या वर्तुळातून फेकली.

टोकियोची गोष्ट तर सर साभिनय सांगायचे. ओर्टरच्या मानेचं दुखणं जुनं, त्यासाठी पट्टा लावावा लागायचा. सर गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायचे. त्यात स्पर्धेला आठवडाही उरला नसताना सरावात बरगडीजवळची कूर्चा फाटली. डॉक्टरांनी सांगितलं, कित्येक आठवडे विश्रांती. हा बरगड्यांना पट्ट्या बांधून, बर्फ लावून वर्तुळात उतरला. पाचव्या फेकीला बरोबर ६१ मीटर. चेकोस्लोव्हाकियाचा लुडविक डानेक मागे पडला. ओर्टर कळवळून वाकला आणि सहावी फेक त्यानं केलीच नाही. इथं सर स्वतः वाकायचे आणि आम्ही हसायचो. एकदा म्हणून सरांनी ते ६१ मीटर आम्हाला मोजून दाखवले. टेप तीस मीटरचा, दोनदा लावून वर मीटरभर. खूण गेली ती पार बोर्डिंगच्या भिंतीपलीकडे, पाण्याच्या हौदापाशी. आमच्या थाळ्या बोर्डिंगपर्यंतसुद्धा पोचत नव्हत्या, आणि त्याची थाळी तर दोन किलोची. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

मध्येच सांगतो. १९८८ साली रविवारी सकाळी 'महाभारत' सुरू झालं, आणि भीम पडद्यावर आला तेव्हा सरपंचांच्या ओसरीवर पन्नास माणसांत मी एकटाच ओरडलो होतो, "अरे, हा थाळीफेकवाला!" प्रवीणकुमार. १९६६ आणि १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धांत थाळीफेकीची दोन सुवर्णपदकं. सरांच्या वहीत त्याचंही कात्रण होतं. लोकांनी मला गप्प बसवलं. गदा बघायची होती त्यांना.

आता मूळ गोष्ट. शाळेच्या स्मरणिका समितीनं 'शाळेतलं यश' लिहायला सांगितलंय. जिल्हा पातळीवरचं थाळीफेकीचं पहिलं बक्षीस, नोव्हेंबर १९८३, सातारा. कार्यालयातल्या फळ्यावर नाव आहे माझं. ते कसं मिळालं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साताऱ्यात काँक्रीटचं वर्तुळ मी पहिल्यांदा पाहिलं. अनवाणी पाय त्यावर नुसते घसरायचे. कराडकडचा एक मुलगा होता, माझ्याहून वीतभर उंच. सरावातच त्याची थाळी सगळ्यांच्या पुढं पडत होती. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र पहिली फेक उजव्या रेषेबाहेर. लाल झेंडा, म्हणजे फेक बाद. दुसरी त्याहून लांब आणि पुन्हा बाहेर. आमचा नंबर पाठोपाठ, त्यामुळे मी त्याच्या बरोबर मागं बसलो होतो आणि मला काय ते दिसलं. फेकीच्या दिशेकडं पाठ करून तो उभा राहायचा तेव्हाच त्याचे पाय तिरपे पडत होते. बहुतेक त्याच्या शाळेत समोरचं एखादं झाड धरून तो उभा राहत असेल, इथं तसलं काही नव्हतं. उभाच तिरका, म्हणून सगळी गिरकी तिरकी. टाचा बोटभर फिरवल्या असत्या तर थाळी मधोमध पडली असती. दुसरी फेक करून तो माझ्याशेजारी येऊन बसला, मान खाली घालून. तिसरी फेक शेवटची होती. मी बुटांची नाडी बांधत राहिलो. पायात बूट नव्हते माझ्या, शेजारच्याचे धरून ठेवले होते, त्यांची नाडी.

तिसरीही बाहेर गेली, जेमतेम हातभर. माझी बत्तीस मीटरची फेक पहिली आली.

परतीची एस.टी. पुसेगावला थांबली. सरांनी चहा आणि भज्यांची प्लेट सांगितली, खूश होते. भजी येईपर्यंत त्यांनी रोमची गोष्ट काढली. ती त्यांनी आधी कधी सांगितली नव्हती. १९६० ची अंतिम फेरी, चार फेकी झालेल्या, अमेरिकेचाच रिंक बाबका पुढं आणि ओर्टर मागं. पाचव्या फेकीआधी बाबका ओर्टरजवळ गेला आणि त्यानं सांगितलं की तुझा डावा हात खाली पडतोय. ओर्टरनं हात सावरला, ५९.१८ फेकली आणि सुवर्ण नेलं. बाबकाला रौप्य.

पुढं नोकरीत, इंटरनेट आल्यावर, मी हे तपासून पाहिलं. वाटत होतं, सरांनी रचलं असावं. शब्दन्‌शब्द खरं निघालं. सरांच्या वहीत नव्हतं तेही सापडलं: ओर्टरनं आपली सगळ्यांत लांब अधिकृत फेक १९८० साली केली, ६९.४६ मीटर, वय वर्षे ४३.

पण त्या दिवशी पुसेगावला भजी आली तरी मी हात लावला नव्हता. सर बशीत चहा ओतत म्हणाले, "त्या कराडच्या गड्याचं काय चुकत होतं रे? तू तर मागंच बसला होतास."

"काय की, सर."

सरांनी बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली. मग प्लेट माझ्याकडं सरकवली.

"खा. गार व्हायलीत."