माझी चाल कोण खेळत होतं?

"तुझ्या डोक्यात माझ्या चाली कोण खेळत होतं रे?"

आज बुद्धिबळाचा गेम हरल्यावर समोरच्याने हसत हसत विचारलं आणि तेव्हापासून हे वाक्य डोक्यातून जातच नाहीये.

झालं असं की मी उंटाने एच ७ या घरातलं प्यादं मारून शह दिला, राजाने उंट मारला, घोडा जी ५ वर शह, राजा परत जी ८ ला, वजीर एच ५. आता एच ७ वर मात! सगळं आधीच दिसलं होतं, उंट तर जवळजवळ आपटलाच मी पटावर. आणि त्याने शांतपणे डी ७ चा घोडा एफ ६ ला आणला. एच ७ पण सांभाळलं आणि माझ्या वजिरावर हल्ला पण. ई ५ वर माझं प्यादं असतं तर तो घोडा मारला असता, पण नव्हतंच ना.

गंमत म्हणजे तो घोडा मला दिसत होता. पण माझ्या हिशोबात काळ्याचा फक्त राजाच हलत होता, तोही मला हवा तसा, बाकी सगळे झोपलेले.

रोज पझल्स सोडवतो मी, भरपूर. पण तिथे आधीच माहीत असतं की जिंकणारी चाल काहीतरी आहे. गेममध्ये कोण सांगणार? आता पझलमध्ये आपली चाल सापडली तरी आधी समोरच्याचं सगळ्यात त्रासदायक उत्तर शोधायचं ठरवलंय, स्पीड गेला तरी चालेल.

तुम्ही शेवटची चाल मोजून झाल्यावर अजून एकदा बघता का, की माझ्यासारखा हात आधी जातो?