दोन तोफा, दोन गोळे: ऑस्कर्सबॉर्गचं गणित

मे १८१८ मध्ये इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेने सोलापूरच्या भुईकोटाला मोर्चे लावले, तेव्हा तोफांसमोरचं लक्ष्य जागचं हलणारं नव्हतं. गोळा आखूड पडला तर तोंड थोडं उचलायचं, बाजूला गेला तर फिरवायचं आणि तट ढिला होईपर्यंत त्याच ठिकाणी मारत राहायचं. १५ मे रोजी किल्ला गेला. तोफखाना म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेच येतं: वेळ हाताशी आहे आणि चूक सुधारता येते.

किनाऱ्यावरच्या तोफखान्याला ही सवलत नसते. जहाज माऱ्याच्या टप्प्यात येतं आणि निघून जातं. १२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे २२ किलोमीटर, वेगाचं जहाज मिनिटाला सुमारे ३७० मीटर पुढे सरकतं. म्हणून अशा तोफखान्याची ताकद तोफेच्या तोंडाच्या रुंदीवरून ठरत नाही. जहाज समोर असेपर्यंत किती नेमके गोळे टाकता येतील, त्यावरून ती ठरते. नॉर्वेतल्या ऑस्कर्सबॉर्ग किल्ल्यावर, ९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मन ताफा चालून आला तेव्हा, या प्रश्नाचं उत्तर होतं: प्रत्येक तोफेमागे एक.

ऑस्कर्सबॉर्ग हा ओस्लोच्या दक्षिणेला, सुमारे तीस किलोमीटरवर, ड्रोबाकच्या चिंचोळ्या खाडीतला बेटावरचा किल्ला. मुख्य तोफा तीन, क्रुप कारखान्याच्या, २८ सेंटिमीटरच्या आणि १८९० च्या दशकात बसवलेल्या. त्यांची नावं मोझेस, अ‍ॅरन आणि जोशुआ. गोळ्याचं वजन २५५ किलो. तोफा जुन्या होत्या, पण खरी अडचण माणसांची होती. नवे रंगरूट २ एप्रिलला दाखल झालेले, म्हणजे आठवडाभराचं शिक्षण. जाणती माणसं जेमतेम एका तोफेपुरती. किल्ल्याचे प्रमुख कर्नल बिर्गर एरिक्सन यांनी ती दोन तोफांवर वाटली आणि उरलेल्या जागा स्वयंपाक्यांसकट मिळेल त्याने भरल्या. तिसरी तोफ भरलेली होती, पण तिच्यावर माणसं नव्हती.

अशी तोफ भरायची म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्या पहाटेचा निर्णय कळत नाही. गोळा यंत्राने उचलून तोफेच्या मागच्या तोंडाशी आणायचा आणि आत ठासायचा. तो इतका घट्ट बसला पाहिजे की त्याच्या बुडाजवळचं तांब्याचं कडं नळीतल्या आट्यांत, म्हणजे आतल्या पिळदार खाचांत, रुतेल. मग दारू, मग मागचा दरवाजा बंद आणि शेवटी बत्ती. ठासणी कच्ची राहिली तर नळी वर उचलताना गोळा मागे घसरतो, गॅस त्याच्या बाजूने निसटतो आणि गोळा आखूड पडतो. सरावलेल्या तुकडीलाही या कामाला वेळ लागतो. आठवड्याभराच्या रंगरुटांकडून दुसरी फैर धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. एरिक्सननी ती धरलीच नाही.

म्हणून त्यांनी जहाज जवळ येऊ दिलं, सुमारे १,४०० मीटरवर. आपल्या भुईकोटापासून रेल्वे स्टेशन सरळ रेषेत साधारण एवढंच असेल. या अंतराने काय साधतं, ते आकड्यांत बघा. गोळ्याचा वेग सेकंदाला ५०० मीटर धरला तर तो तीनएक सेकंदांत पोहोचतो. तेवढ्यात १२ नॉटचं जहाज अठरा-वीस मीटर सरकतं. समोरची जर्मन क्रूझर (मोठी युद्धनौका) ‘ब्ल्यूखर’ दोनशे मीटरहून थोडी लांब होती, म्हणजे वेगाचा अंदाज निम्म्याने चुकला तरी गोळा जहाजावरच पडणार. हेच दहा किलोमीटरवरून करायचं तर गोळा हवेत अर्धा मिनिट राहू शकतो, जहाज सुमारे १८५ मीटर पुढे जातं आणि अंतरमापक, नकाशावरची आखणी, वाऱ्याची दुरुस्ती हे सगळं लागतं. त्या सगळ्याची गरज एरिक्सननी फक्त थांबून संपवली. याला नशीब म्हणणारे लोक भेटतात. मला ते अजिबात पटत नाही.

४ वाजून २१ मिनिटांनी अ‍ॅरनने आणि पाठोपाठ मोझेसने गोळा टाकला. दोन्ही ‘ब्ल्यूखर’ला लागले. गोळे चिलखत फोडणारे नव्हते, फुटून आग लावणारे होते, आणि इथे तेच कामाचे ठरले. जहाजावर ओस्लोत उतरवायचे सैनिक आणि त्यांचं सामान खच्चून भरलेलं होतं. इंधन आणि दारूगोळा उघड्यावर होता, त्याने पेट घेतला. पूर्वेकडच्या काठावरच्या कोपोस तोफखान्याच्या १५ सेंटिमीटरच्या तोफांनी आणि त्याहून लहान तोफांनीही मारा केला.

एवढ्याने जहाज बुडालं नसतं. ते जळत पुढे सरकलं आणि नेमकं ‘उत्तर काहोल्मेन’ नावाच्या बेटाच्या समोर आलं. तिथे खडकात कोरलेला टॉर्पेडोचा अड्डा होता, १९०१ च्या सुमारास पूर्ण झालेला आणि इतका गुप्त ठेवलेला की जर्मनांना त्याचा पत्ताच नव्हता. तीन बोगदे. टॉर्पेडो पाण्याखाली उतरवायचा आणि रुळांवरून सोडायचा. बाहेरून ना तोंड दिसतं ना जाळ. अंतर अवघं पाचशे मीटरच्या आसपास. तिथले नेहमीचे अधिकारी आजारी होते, म्हणून ड्रोबाकमध्ये राहणारे निवृत्त अधिकारी आंद्रेआस आंडरसेन यांना बोलावून घेतलं होतं. त्यांनी सोडलेले दोन टॉर्पेडो लागले. तिसरा त्यांनी मागून येणाऱ्या जहाजासाठी राखून ठेवला. सुमारे दोन तासांनी ब्ल्यूखर उलटून बुडाली. मृतांचे अंदाज सहाशेपासून हजारापर्यंत जातात.

तोफा आणि टॉर्पेडो यांची ही जोडी मला या किल्ल्याची सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते. वरून आग लावायची आणि पाण्याखालून भोक पाडायचं. एकाने सुरू केलेलं दुसऱ्याने पुरं करायचं. खाडीत सुरुंग पेरायचीही योजना होती, पण ते पेरले गेले नव्हते. गंमत अशी की मागच्या जर्मन जहाजांना सुरुंगच फुटले असं वाटलं. त्यात कोपोसच्या तोफांनी ‘ल्यूत्सो’ या मागच्या युद्धनौकेवर तीन गोळे बसवून तिच्या पुढच्या तोफांचा बुरूज निकामी केला. उरलेला ताफा मागे फिरला आणि सैन्य दक्षिणेलाच उतरवावं लागलं.

किल्ल्याची कमजोर बाजू त्याच दिवशी उघडी पडली. आकाशातून येणाऱ्या माऱ्यापुढे या तोफा निरुपयोगी होत्या. दिवसभर विमानांनी बॉम्ब टाकले आणि १० तारखेला सकाळी किल्ला शरण गेला. ओस्लोही ९ तारखेलाच विमानाने उतरलेल्या सैन्याच्या हाती पडलं होतं. पण समुद्रमार्गे येणारं सैन्य अडल्याने काही तास मिळाले. तेवढ्यात राजे सातवे हाकोन, सरकार आणि संसद रेल्वेने शहराबाहेर पडले आणि बँकेतलं सोनंही हलवता आलं.

टॉर्पेडोचा अड्डा त्यानंतर १९९० च्या दशकापर्यंत वापरात राहिला. तिन्ही तोफा आजही जागेवर आहेत आणि किल्ला लोकांना बघायला खुला आहे. कोणी तिकडे गेलंच तर मोझेसच्या मागे उभं राहून खाडीची रुंदी जरूर बघावी. एवढं जवळ येईपर्यंत बत्ती न देणं किती अवघड होतं, ते तिथून कळेल.